मोरपंखी विमान? आधी उन्हाचं बोला

प्रश्न असा आला आहे. ह्यूस्टनजवळ एक मराठी गृहस्थ घराच्या गॅरेजमध्ये सहा वर्षं कोझी मार्क फोर हे घरी बांधायचं विमान बांधताहेत. पंख, कॅनार्ड (नाकाजवळचा छोटा पंख), विंगलेट (पंखाच्या टोकाची उभी पाती) सगळं जोडून झालंय, आता रंगाचं बघायचं. आईच्या पैठणीचा मोरपंखी रंग सगळ्या विमानाला द्यावा आणि काठासारखा सोनेरी पट्टा ओढावा, असं त्यांच्या मनात आहे. ते विचारतात, कुठल्या कंपनीचा रंग घेऊ, आणि मोटारीचा रंग चालतो का?

मोटारीचा रंग चालतो. कंपनीचं सगळ्यात शेवटी बघू. मोरपंखी मात्र सगळ्या विमानाला चालणार नाही. ते का, हे नीट सांगतो, कारण "पांढराच द्या" एवढंच ऐकून कोणाचं समाधान होत नाही. माझंही झालं नव्हतं. मी अ‍ॅरिझोनात राहतो, माझं लाँग-ईझी आहे, आणि त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच विमानांच्या घासकामाला आणि रंगाला हात लावला आहे. हाताची चामडी त्यातच गेली म्हणा.

कोझी, लाँग-ईझी, व्हॅरीईझी ही सगळी एकाच घराण्यातली. बर्ट रुटान यांनी कॅलिफोर्नियात मोहावीच्या वाळवंटात 1975 साली व्हॅरीईझी उडवलं, 1979 मध्ये लाँग-ईझी आलं, आणि त्याच्याच पायावर नॅट पफर यांनी कोझी आखलं. साचा नाही, मोठं यंत्र नाही. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने कापायचा, त्यावर काचेचं कापड इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, भिजवून बसवायचं, झाला पंख. आणि हे इपॉक्सी तुमच्या गॅरेजच्या तापमानालाच घट्ट झालेलं असतं, कारखान्यातल्या भट्टीत नाही. मेख तिथेच आहे.

प्रत्येक इपॉक्सीचं एक तापमान असतं. त्याच्या वर ते आपला कडकपणा सोडतं आणि चामड्यासारखं लवायला लागतं. त्याला टीजी म्हणतात. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या बऱ्याच इपॉक्सींचा टीजी साधारण 60 ते 90 अंश सेल्सियसच्या मध्ये कुठेतरी येतो. आत जो निळा स्टायरोफोम आहे तो 75 च्या आसपास दम सोडतो. आता उन्हात उभ्या विमानाचं बघा. आमच्याकडे हवा 40 अंश असते तेव्हा दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटर लावला की पांढरा पृष्ठभाग 55 ते 60 दाखवतो. गडद निळा, लाल 75 ते 80 वर सहज जातात. काळा 90 ओलांडतो. म्हणजे पांढऱ्या रंगाने तुम्ही टीजीच्या अलीकडे राहता आणि गडद रंगाने पलीकडे जाता. मध्ये फारशी मोकळी जागाच नाही. रुटान यांच्या बांधणीच्या नकाशांमध्ये पांढऱ्या रंगाचा आग्रह आहे तो यासाठी, सौंदर्यदृष्टी म्हणून नव्हे.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा, की उडताना वारा लागतो, पंख थंड होतो. होतो ना. पण विमान आयुष्यातला बहुतेक वेळ जमिनीवर उभं असतं, आणि उन्हात दोन तास तापलेलं विमान घेऊन तुम्ही थेट धावपट्टीवर जाता. उड्डाणानंतरची पहिली काही मिनिटं तो पंख तापलेलाच असतो, आणि भार तेव्हाच येतो. शिवाय उभ्या विमानालाही स्वतःचं वजन असतंच. बांधून ठेवलेला दोर जास्त ताणला, पंखाखाली कोणी टेकू लावून विसरला, तर तापलेला भाग तसाच वाकून बसतो. संध्याकाळी थंड झाला की तो बाक कायमचा.

हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही म्हणून मी हँगरमध्ये एक खेळ करून दाखवतो. फोमच्या दोन सारख्या पट्ट्या कापायच्या, दोन्हींवर काचेचे दोन-दोन थर बसवायचे, आठवडाभर मुरू द्यायच्या. एक पांढरी रंगवायची, एक काळी. दोन्ही दोन विटांवर टोकं टेकवून उन्हात ठेवायच्या आणि मधोमध पाण्याची बाटली लटकवायची. पाच वाजता बाटल्या काढल्या की पांढरी पट्टी सरळ होते. काळी होत नाही. ती काळी पट्टी मी ठेवून दिली आहे, माझ्या बाकड्यावर पडलेली असते. कोणी गडद रंगाची गोष्ट काढली की मी काही न बोलता ती त्याच्या हातात देतो. तुम्हीही करून बघा. टाकाऊ फोम आणि उरलेलं कापड तुमच्याकडे ढिगाने असणार.

कारखान्यात बनलेल्या विमानांनाही यातून सुटका नाही. डायमंडचं डीए20 हे दोन आसनी शिकाऊ विमान घ्या. त्यात सीटच्या मागे स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईवर, तापमान दाखवणारी पट्टी असते, आणि रचनेचं तापमान 55 अंशांच्या वर असेल तर उडायचं नाही असा नियमच आहे. ग्लायडरवाल्यांना तर हे जुनं झालं. स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी 1957 मध्ये फिनिक्स हे पहिलं फायबरग्लास ग्लायडर उडवलं. आजही कुठल्याही ग्लायडर क्लबात गेलात तरी बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं दिसतं, सगळी पांढरीशुभ्र.

मग मोरपंखी कुठे? जागा आहेत, निवडून द्यायच्या. पंखाची वरची बाजू, कॅनार्डची वरची बाजू, विंगलेटचा पंखाशी जोड आणि धडाची वरची बाजू पांढरीच राहणार. यावर घासाघीस नाही. स्ट्रेक, म्हणजे पंखाच्या मुळाशी धडाला लागून असलेले रुंद भाग, तेही पांढरे, कारण तुमचं पेट्रोल त्यांच्यात आहे, आणि तापलेल्या टाकीत वाफ धरण्यापासून ते जोडातून गळण्यापर्यंत सगळे उपद्व्याप होतात. पोटाला मात्र ऊन थेट लागत नाही, तिथे मोरपंखी देता येईल. फक्त दिवसभर काळ्या डांबरावर उभं करू नका, खालून येणारी धग कमी नसते. नाकाचं टोक, चाकाची आवरणं, स्पिनर (पंख्याची टोपी), रडरची (विमान वळवणाऱ्या पातीची) खालची अर्धी बाजू इथेही चालेल. दुरून पाहणाऱ्या वैमानिकाला ढगापुढे पांढरं विमान दिसत नाही, त्यामुळे टोकांना थोडा ठसठशीत रंग असणं हे माझ्या मते नुसतं चालतं असं नाही, बरंही आहे.

सोनेरी पट्ट्याबद्दल दोन गोष्टी. सोनेरी म्हणजे मेटॅलिक, म्हणजे त्यात अ‍ॅल्युमिनियमचे कण असू शकतात. आपल्या विमानांत रेडिओचे अँटेना तांब्याच्या पट्टीचे, कातडीच्या आत चिकटवलेले असतात. त्यांच्यावर धातूचा थर येऊ द्यायचा नाही. अभ्रकाचा मोतिया रंग घेतलात तर ती भीती नाही. आणि मेटॅलिकची दुरुस्ती करताना रंग कधीच जुळत नाही, हे मोटारीला ठोकर बसलेल्या कोणालाही विचारा. माझं ऐकाल तर पट्टा व्हायनिलचा चिकटवा. पाच वर्षांनी कंटाळा आला तर काढता येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पट्टा कॅनार्डच्या किंवा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ओढायचा नाही. रंगाच्या पट्ट्याला मास्किंग टेपच्या जागी एक बारीक धार राहते, बोट फिरवलं तर नखाला लागते. हवेचा गुळगुळीत थर त्या धारेवर अडखळतो आणि खवळतो. कॅनार्डच्या बाबतीत ही जात किती नाजूक, ते जुन्या मंडळींना पावसाने शिकवलं. व्हॅरीईझी आणि सुरुवातीच्या लाँग-ईझीचा कॅनार्ड ग्लासगो विद्यापीठाच्या जीयू आकाराचा होता. पावसाचे थेंब पडले की त्याची उचल कमी व्हायची, नाक खाली जायला लागायचं, वैमानिकाला काठी मागे ओढावी लागायची. मग जॉन रॉन्झ यांनी नवा आकार काढून दिला. तुमच्या कोझीवर तोच आहे, त्यामुळे पावसाचं तेवढं भय नाही. पण मी पहिल्यांदा रंगवलं तेव्हा हौसेने कॅनार्डवर टोकापासून टोकापर्यंत लाल रेघ ओढली होती. महिन्याभरात पॉलिशपेपर घेऊन स्वतःच्या हाताने ती धार मारत बसलो. पट्टा हवाच तर हवेच्या दिशेने, पुढून मागे ओढा.

आता वजन. रंगाने विमान जड होतं असं सगळे म्हणतात, पण खरा चोर रंगाखाली बसलेला असतो. हिशेब करू. तुमच्या विमानाचा बाहेरचा पृष्ठभाग सोयीसाठी 40 चौरस मीटर धरा. वरचा रंग 75 मायक्रॉन जाडीचा बसला तर तो होतो तीन लिटर, म्हणजे साधारण चार-साडेचार किलो. आता लांबी. आपल्याकडे रंगारी भिंतीला लांबी भरतात, तसं आपण इपॉक्सीत काचेचे पोकळ सूक्ष्म मणी कालवून मायक्रो भरतो. तो कितीही हलका असला तरी सगळ्या विमानावर सरासरी एक मिलिमीटर राहिला तर झाले 40 लिटर. पंधरा ते वीस किलो! आणि सरासरी एक मिलिमीटर राहणं अजिबात अवघड नाही. म्हणून मायक्रो कोरडा कालवा, चमच्यातून खाली पडणार नाही इतका. आणि घासताना लांब पाटी वापरा, हातात पॉलिशपेपर धरून बोटांनी घासू नका. बोटांनी घासलं की लाटा पडतात, लाटा झाकायला परत मायक्रो, परत घासणं. मोटारीच्या गॅरेजातली पॉलिस्टर लांबी मात्र आणू नका. ती जड असते, आणि इपॉक्सीवर तिचा भरवसा नाही.

घासताना काचेचा धागा दिसला की हात थांबलाच पाहिजे. तो धागा म्हणजे पंखाची ताकद आहे. गुळगुळीतपणासाठी एक थर खाल्ला तर तो रंगाने भरून येत नाही. उंचवटा असेल तर त्याच्या आजूबाजूला भरा, त्याला कापू नका.

गडद रंगाविरुद्धचा माझा दुसरा मुद्दा इथेच येतो. पांढरा रंग माणसाच्या चुका पोटात घालतो. गडद चकचकीत रंगात समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नागासारखं वळवळताना दिसतं आणि तुमच्या सहा वर्षांतला एकेक आळसाचा दिवस त्यात वाचता येतो. मोरपंखीसाठी जेवढं घासावं लागेल, त्याच्या निम्म्यात पांढरा सुंदर दिसतो.

मायक्रो घासून झाला की सुईच्या टोकाएवढी हजारो छिद्रं दिसतात. लोक चुकतात ते इथे. वरून जाड प्रायमर मारला की छिद्रं बुजतील असं वाटतं, पण प्रायमर त्यांच्यावर पूल बांधतो आणि पहिल्या उन्हात तो पूल फुटतो. त्यापेक्षा साधं इपॉक्सी, काहीही न कालवता, रबरी पट्टीने दाबून खरवडून घ्यायचं. थर दिसताही कामा नये. असे चार-पाच हात, एकामागून एक, आधीचा चिकट असतानाच. मोहावीच्या स्केल्ड कंपोझिट्समध्ये काम केलेल्या कोरी बर्ड यांनी आपलं सिमेट्री नावाचं विमान या पद्धतीने आरशासारखं केलं, तेव्हापासून आमच्यात ही पद्धत रूढ झाली. आणि वेळ साधा. फोममध्ये हवा असते. सकाळी तापमान चढत असताना इपॉक्सी लावलं तर आतली हवा फुगून प्रत्येक छिद्रातून बुडबुडा काढते. दुपार उतरल्यावर, तापमान पडत असताना लावलं तर तीच हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. ह्यूस्टनच्या दमटपणात सकाळी उठून पाहाल तर वर तेलकट मेणासारखा थर आलेला असेल. तो आधी कोमट पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवा, मगच पॉलिशपेपर लावा. नाहीतर तो मेणचटपणा पेपरने आतच चोळला जातो.

छिद्रं बुजवण्याला आणखी एक कारण आहे. थिनर आणि अ‍ॅसिटोन स्टायरोफोम खातात. कुठे कातडीला आरपार छिद्र राहिलं आणि पातळ प्रायमर आत झिरपला, तर वरून सगळं छान आणि आत बोराएवढी पोकळी. हे नंतर नाण्याने टकटक करून आवाज ऐकला तरच कळतं.

प्रायमरचं काम दोन आहे: धरून ठेवणं आणि ऊन अडवणं. अतिनील किरण इपॉक्सीला हळूहळू पिवळं आणि ठिसूळ करतात, म्हणून प्रायमर अपारदर्शक आणि अतिनील अडवणारा हवा. पूर्वी काजळी घातलेला काळा प्रायमर मारायची पद्धत होती. आता पॉलीफायबरचा स्मूथ प्राइम घेतात. तो पाण्यातला आहे, रोलरने लावता येतो, घासायला सोपा आणि गॅरेजात लावताना शेजारी पोलीस बोलावत नाहीत. मी तोच वापरतो. मात्र त्यातलं पाणी पूर्ण उडू द्या, घाई केली तर वरच्या रंगाला फोड येतात. ओली घासणी शेवटी 320 आणि मग 400 च्या पेपरने.

वरच्या रंगासाठी माझं मत सरळ आहे: दोन भागांचा पॉलीयुरेथेन, सिंगल स्टेज (रंग आणि चमक एकाच थरात), पांढरा. बेस आणि क्लिअरकोट, म्हणजे खाली रंग आणि वर पारदर्शक थर, ही मोटारीची पद्धत दिसते छान, पण एक थर जास्त, म्हणजे वजन जास्त आणि दुरुस्तीचा व्याप जास्त. इमरॉन, ऑलग्रिप, जेट ग्लो यांतलं काहीही घ्या. तुमच्या गावात जो मिळतो आणि मारणाऱ्याचा हात ज्यावर बसला आहे तो चांगला. प्रायमर, हार्डनर (रंग घट्ट करणारा दुसरा भाग) आणि थिनर एकाच घरचे घ्या, यावर मात्र मी अडून बसतो. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला नको. सिलिकॉनची कुठलीही वस्तू, अगदी टायर चमकवायचा स्प्रेसुद्धा, रंगाच्या आधी महिनाभर गॅरेजबाहेर ठेवा. त्याच्या एका फवाऱ्याने पंखभर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

हा रंग स्वतः मारावा का? या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या कोळशाच्या मास्कवर भरवसा ठेवून ते काम करू नये. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि सगळं अंग झाकणारा पोशाख लागतो. एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उसळतो. माझ्या ओळखीच्या एका बांधकऱ्याने घाईत साध्या मास्कने दोन पंख मारले. आता कोणी रंग मारत असेल तर तो हँगरच्या त्या टोकालासुद्धा येत नाही. पाण्यातल्या पॉलीयुरेथेनचा वास कमी असतो, पण त्याच्याही हार्डनरमध्ये आयसोसायनेट आहे, तेव्हा फसू नका. आणि तुमचं गॅरेज घराला लागून आहे, कोपऱ्यात गॅसचा गिझर असेल. थिनरच्या वाफा आणि गिझरची ज्योत, पुढचं सांगत नाही.

म्हणून प्रायमरपर्यंत स्वतः करा आणि वरचा हात मारायला रंगवाल्याकडे द्या. पण त्याला दोन गोष्टी लिहून द्या आणि विमानावरही चिकटवा. पहिली, रंग काढायचं रसायन या विमानाला कधीही लावायचं नाही. ते इपॉक्सीही काढतं. जुना रंग काढायचा तर फक्त घासून. एका वापरलेल्या विमानाला दुकानदाराने सवयीने ते रसायन फासलं होतं, आणि विंगलेटची कातडी बोटाने दाबली तर आत जात होती. दुसरी, भट्टी लावायची नाही. मोटारीच्या बूथमध्ये रंग 60 अंशांना भाजतात, आणि वर सांगितलेला टीजीचा हिशेब तिथेही लागू आहे.

रंग झाल्यावर एलेव्हेटर आणि एलेरॉन, म्हणजे विमान वरखाली नेणाऱ्या आणि बाजूला झुकवणाऱ्या हलत्या पात्या, परत तोलून बघा. बिजागरीच्या मागे पडलेला प्रत्येक ग्रॅम पुढच्या शिशाच्या वजनाविरुद्ध जातो, आणि तोल गेलेला एलेव्हेटर वेगात फडफडायला लागला तर तो सावरायला वेळ देत नाही. माझे रंगानंतर नकाशातल्या मर्यादेच्या बाहेर गेले होते. मी ते घासून परत पातळ रंगवले, शिसं वाढवण्याच्या भानगडीत पडलो नाही. सगळं विमानही पुन्हा वजन करून घ्या, जुने आकडे आता उपयोगाचे नाहीत.

एक शेवटचं. आत्ता रंगवूच नका. प्रायमरवरच उडवा. पहिले 25 किंवा 40 तास चाचणीचे असतात, त्यात काउलिंग (इंजिनाचं आवरण) चार वेळा कापाल, थंड हवेची तोंडं बदलाल, कुठेतरी ठिगळ लावाल. तेवढ्या काळात इपॉक्सीही उन्हात आणखी मुरतं, कापडाची वीण वर उठून यायची असेल तर प्रायमरवरच उठते आणि घासता येते. नोंदणीचा क्रमांक आणि 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द तेवढा आधी लावावाच लागेल. कमाल क्रूझ वेग 180 नॉटच्या आत असेल तर क्रमांकाची अक्षरं तीन इंचांची चालतात, वर गेलं तर बारा इंचांची. ती अक्षरं मोरपंखी करा. धडाच्या बाजूला, सावलीत येतात, आणि बारा इंचांची झाली तर पैठणीचा पदर चांगला मोठा दिसेल.